काळ्या पुडीच्या अकरा नळ्या

“उतर खाली! उतर म्हणतो ना मी तुले! त्या हँडलले हात लावू नोको!”

वर पोलावर लाईनवाला होता, खाली आमचे सर. सर म्हणजे ज्यांनी मला बी.एस्सी.ला रसायनशास्त्र शिकवलं ते. ज्यांचा आवाज वर्गात तिसऱ्या बाकाच्या मागे कधी गेला नाही आणि ज्यांना पोरं पिढ्यानपिढ्या ‘म्यूट सर’ म्हणत आली ते. त्या दिवशी त्यांचा आवाज असा फुटला की गोंदियालगतच्या फुलचूरची झाडून सगळी कुत्री पळत सुटली आणि पार मध्य प्रदेशात, बालाघाटच्या हद्दीत जाऊन थांबली. दोन अजून परत आलेली नाहीत. मी अंगणात डोक्यावर ओला टॉवेल टाकून उभी होते. एप्रिल संपत आला होता. टाकीच्या नळातून चहा करण्याजोगं पाणी येत होतं, फक्त पत्ती टाकायची बाकी होती.

लाईनवाला भला माणूस. तो वरूनच म्हणाला, “सर, ऊपर से ऑर्डर है. चार घंटे का काम है.”

सरांनी त्याला समजावलं. घराच्या पुढच्या खोलीत एक कॉम्प्युटर सात दिवसांपासून एकच गणित करून राहिला आहे, अजून दोन दिवस लागतील, आता लाईन गेली तर सातही दिवस पाण्यात. लाईनवाल्याने खरंच विचार केला. अर्धं मिनिट तरी केला असेल. मग त्याने विचारलं, “गणित मरता है क्या, सर?” आणि हँडल ओढलं.

मरतं. बॅटरीच्या डब्याने अठरा मिनिटं कळ काढली, मग स्क्रीन काळा झाला. असं तिसऱ्यांदा झालं होतं. मधूनच पुढे सुरू करायची सोय असते म्हणतात, पण आमच्या जुन्या डिस्कला ती सोय मान्य नव्हती, ती दर वेळी पहिल्यापासून सुरू करायची. सर ओट्यावर बसले. थोड्या वेळाने लाईनवाला खाली उतरला तेव्हा त्यांनीच त्याला पाण्याचा गडवा नेऊन दिला. देताना गडवा थरथरला आणि पाणी त्याच्या बुटांवर सांडलं. ती थरथर रागाची नव्हती. ती निवृत्तीच्या वर्षापासून सरांच्या हातात शिरली होती. नागपूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या आणि हे वाढत जाईल असंही सांगून ठेवलं होतं.

आता हे सगळं कशासाठी चाललं होतं ते सांगते.

डांबरातून एक पांढरी पूड निघते, फेनॅन्थ्रीन नावाची. अॅरोमॅटिक घराण्यातली. कपाटातल्या डांबरगोळीची थोरली बहीण म्हणा. गोळीच्या रेणूत कार्बनच्या दोन कड्या, हिच्यात तीन, आणि तिसरी जरा वळलेली, शेताच्या कोपऱ्यात जागा नाही म्हणून बांधी, म्हणजे बांध घातलेलं धानाचं खाचर, वळवून घेतात तशी. या पुडीतून वीज जात नाही. पण तिच्यात पोटॅशियम मुरवलं, एका रेणूमागे तीन अणू, तर ती काळीभोर होते. आणि दूरदेशीच्या एका प्रयोगशाळेने छापलं होतं की ही काळी पूड खूप, खूप थंड केली की तिच्यातून वीज विनाअडथळा धावते. अतिसंवाहक. मागून दुसऱ्यांनी करून पाहिलं. कोणाला मिळालं, कोणाला नाही मिळालं, आणि सगळे एकमेकांच्या पुडीला नावं ठेवत बसले.

सरांना एकच पाहिजे होतं. हात पूर्ण जायच्या आत आपल्या हातची एक नळी त्या थंडीत उतरावी आणि तिचा अडथळा शून्यावर यावा. बस. पेपरावर नाव पहिलं नको, सत्कार नको. घरी सरांच्या पत्नी नव्हत्या, त्या जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी परदेशात. माणसाला जगात दुसरं काहीच नको असलं की जे एक पाहिजे असतं ते फार मोठं होतं. बघणाऱ्याला भीती वाटते.

आणि हात काय होते ते! सर काचेची नळी ज्योतीवर धरून अशी बारीक ओढायचे की मुंगीला आडवं होऊन जावं लागे. मागच्या खोलीत, जिथे पूर्वी धानाची पोती असायची, तिथे त्यांनी प्रयोगशाळा मांडली होती. पोटॅशियम हवेत उघडं ठेवलं की काळं पडतं आणि पाण्याचा थेंब लागला की जांभळ्या ज्वाळेने पेटतं, म्हणून सगळं काम कोरड्या आर्गॉन वायूत करावं लागतं. त्याची पेटी बाजारात मिळते, पण ती घ्यायला आमच्यासारख्यांनी घर विकावं. सरांनी बंद पडलेल्या मिठाईच्या दुकानातलं काचेचं शोकेस आणलं, पुढे दोन भोकं पाडली, त्यात लाईनवाल्यांचे रबरी हातमोजे बसवले. आर्गॉनचं सिलिंडर माझ्या नवऱ्याने दिलं. तो राईस मिलच्या मशिनी दुरुस्त करतो, वेल्डिंगला लागतो तोच वायू. जिथे कधी बालूशाही मांडलेली असायची तिथे पोटॅशियमची ढेकळं. शेजारपाजारचे समजायचे की सर डांबरगोळ्यांचा कारखाना टाकून राहिले आहेत. एक काकू तर पावसाळ्याच्या तोंडावर ऑर्डर देऊन गेल्या.

माझं काम दुसरं होतं. मी गोंदियात तासावर शिकवते आणि पीएच.डी. करते. पूड हाताने करायची नाही, कागदावर करायची. कॉम्प्युटरला रेणू कुठे, पोटॅशियम कुठे ते सांगायचं आणि विचारायचं: बाबा, यातले इलेक्ट्रॉन कुठे राहतात, कोणत्या पायरीवर बसतात, हलतात की नाही? ही इलेक्ट्रॉनांची रचना. सरांनी मला ती पहिल्यांदा समजावली तीही त्यांच्या पद्धतीने. त्यांच्या पूर्वजांनी गावात तलाव बांधला होता, त्यामुळे त्यांना सगळं जग पाळ, सांडवा आणि बांध्या यांतच दिसायचं. पोटॅशियम प्रत्येक रेणूला तीन इलेक्ट्रॉन देतं. पहिल्या पायरीवर दोन बसतात, ती बांधी तुडुंब, तिथलं पाणी हलत नाही. तिसरा वरच्या पायरीवर एकटा. तिथे अजून एकाची जागा रिकामी. अर्धी भरलेली बांधी. अर्ध्या बांधीतलं पाणी या बांधीतून त्या बांधीत जाऊ शकतं. गेलं तर पूड धातू झाली, आणि धातू झाली तरच पुढे अतिसंवाहक व्हायची आशा.

“पण एक खोट हाय,” सर म्हणाले होते. “हे इलेक्ट्रॉन वाटणी झालेल्या भावांसारखे असतेत. एक म्हणते मी तुह्या बांधीत पाय ठेवत नाई, तू माह्या बांधीत ठेवू नोको. मंग प्रत्येकजण आपापल्या बांधीत, शेजाऱ्याकडे पाठ करून. पाणी हाय पण वाहत नाई.”

ही पाठ करून बसण्याची गोष्ट गणितात यायची असेल तर इलेक्ट्रॉनचं स्पिन चालू ठेवावं लागतं. स्पिन म्हणजे त्याचं तोंड वर की खाली. ते चालू ठेवलं की कॉम्प्युटर स्वतः ठरवतो, हे भाऊ वाहतात की बसतात. पण मग गणिताला दुप्पट वेळ लागतो. आमच्या मशिनीवर नऊ दिवस.

आणि फुलचूरला दर आठवड्याला लाईन जायची.

तर त्या तिसऱ्या मरणानंतर, ओला टॉवेल कोरडा होऊन डोक्याला चिकटलेला असताना, मी फाईल उघडली आणि एक ओळ बदलली. स्पिन बंद. मनाशी म्हटलं, आधी हे चार दिवसांत होऊ दे, मग सावकाश चालू करून पुन्हा चालवू. हे मी सरांना सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नाही. मला ते सांगण्याजोगं वाटलंच नाही. लाईटच्या वेळापत्रकात बसावं म्हणून पदार्थाचा स्वभाव बदलणारी बाई आमच्या जिल्ह्याच्या बाहेर सापडायची नाही.

चार दिवसांनी उत्तर आलं. इलेक्ट्रॉनांच्या पायऱ्यांच्या रेघा आल्या, आणि त्यातल्या दोन रेघा इलेक्ट्रॉन भरणं जिथे थांबतं ती पातळी सरळ कापून गेल्या. धातू. मी अशी ओरडले की शेजारची काकू डांबरगोळ्या तयार झाल्या समजून पिशवी घेऊन आली. सर ओरडले नाहीत. त्यांनी प्रिंट घेतली, ओट्यावर नेली, चष्मा काढून पाहिली, घालून पाहिली. बोटाने एक एक रेघ ओढून पाहिली. बोट थरथरत होतं, त्यामुळे रेघ खरीच वाहते आहे असं दिसत होतं. मग त्यांनी कागद घडी न करता कपाटात ठेवला.

मी गप्प बसणारी नव्हे. कॉलेजात सांगितलं, माहेरी कामठ्याला सांगितलं, लग्नात सांगितलं. सांगता सांगता ती पूड मोठी होत गेली. कामठ्याला माझ्या काकाने विचारलं की याची तार होईल काय, तर मी म्हटलं होईल, आणि त्या तारेवर कामठ्याच्या सगळ्या मोटरी चालून वर लग्नाची रोषणाई होईल. स्पिनची ओळ मी विसरून गेले. ते मात्र खरं आहे, त्यात काही वाढवलेलं नाही.

त्या रेघांच्या जोरावर दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेकडे अर्ज केला. तिथे द्रवरूप हेलियम आहे, तिथे ती थंडी मिळते. त्यांनी थंडीच्या दिवसांतली एक तारीख दिली. एकच.

सरांनी पावसाळाभर नळ्या केल्या. आमच्याकडे पावसाळ्यात मीठ वाहून जातं, पापड आपोआप पुन्हा पीठ होतात, आणि सरांना असा पदार्थ करायचा होता ज्याचं ओलाव्याशी जन्माचं वैर. त्या शोकेससमोर ते स्टुलावर बसायचे, कोपरं काचेला टेकवून, म्हणजे थरथर दबेल. एक नळी भरून काच ज्योतीवर बंद करायला पूर्वी त्यांना पाच मिनिटं लागत. आता सकाळ जायची. कितीतरी फुटल्या; त्यांतली पूड पेटू नये म्हणून ते ती स्पिरिटमध्ये बुडवून निकामी करायचे. एकदा दाढीचे केस जळले. मी म्हटलं, सर, मी बंद करते. माझ्या हातून दोन नळ्या अशा वाकल्या की भोंग्यासारख्या झाल्या. मग त्यांनी मला त्या खोलीत फक्त बसायला परवानगी दिली. बसून मी बोलायची, ते ऐकायचे. ऑक्टोबरमध्ये अकरा नळ्या तयार झाल्या. आत काळी पूड, नळी बाहेरून बोटाच्या पेराएवढी. सर म्हणाले, आता अजून होणार नाहीत. ते त्यांनी गोंदियाच्या बाजारात कोणी भाव सांगावा तसं सांगितलं.

चार नळ्या घेऊन ते स्वतः गेले. रेल्वेत बर्थ मिळाला असूनही दोन दिवस बसूनच गेले, डबा मांडीवर. तिथल्या मुलांनी नळ्या थंड केल्या. अडथळ्याची रेघ खाली शून्यावर पडायला पाहिजे होती. पडली नाही. पूड थंड होत गेली तसा अडथळा उलट वाढत गेला, चारही नळ्यांत. तिथल्या मुख्य बाईंनी सौजन्याने सांगितलं की नमुन्यात हवा शिरली असावी, असं होतं, नमुना करणं अवघड आहे.

परत आल्यावर सर एवढंच म्हणाले, “माह्या हातानं खराब झाल्या. काच नीट बसली नसन.”

मी म्हटलं, तसं नसेल. ते म्हणाले, तुझं गणित धातू म्हणते ना? म्हणते. मंग पूड धातू असायला पाहिजे ना? पाहिजे. मंग माझीच पूड बिघडली, दुसरं काय. हे त्यांनी फळ्यावर शेवटची पायरी लिहावी तसं सांगितलं. यात चूक काढायला जागाच नव्हती. त्यानंतर त्यांनी मागच्या खोलीला कुलूप लावलं. आधी फिरायला जाणं सुटलं, मग पेपर वाचणं. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे आणि कोणी आलं की खाली ठेवायचे. मी जायची, दुनियेच्या गप्पा हाणायची. एकदा तर चिचगडच्या जंगलात मला वाघाने वाट विचारली असंही सांगून पाहिलं. ते हं म्हणाले.

डिसेंबरात मी प्रबंधाचे तक्ते भरायला बसले. प्रत्येक गणिताच्या मागे काय काय चालू होतं, काय बंद, ते लिहावं लागतं. फाईल उघडली. वरून सहावी ओळ.

स्पिन बंद. मग स्पिन चालू करून गणित पुन्हा लावलं, या वेळी माझ्या घरी. नवऱ्याने मिलमधून मोठी बॅटरी आणून दिली, आणि थंडीत लाईनही गेली नाही. नऊ दिवस. नवव्या दिवशी रेघा आल्या, आणि त्या पातळीपाशी आल्यावर दोन्ही रेघा दोन बाजूंना सरकल्या होत्या. मध्ये फट. एका रेणूवर तोंड वर, शेजारच्यावर तोंड खाली, आणि हलायला कोणी तयार नाही. सर पहिल्या दिवशी म्हणाले होते तसंच. ही पूड धातू नव्हतीच. माझ्या गणिताने सांगितलं म्हणून पूड तशी असायला बांधील नव्हती. तिने दक्षिणेत जे केलं तेच तिने करायचं होतं: थंड व्हायचं आणि अडथळा वाढवायचा. म्हणजे काच नीट बसली होती.

इतकं कळल्यावर माणूस काय करेल? उठून फुलचूरला जाईल. दहा मिनिटांचा रस्ता आहे.

मी नाही गेले. पहिल्या दिवशी म्हटलं, पुन्हा एकदा तपासते. दुसऱ्या दिवशी म्हटलं, नीट मांडून नेते. मग शनिवार-रविवार गेला. मग कॉलेजच्या परीक्षा. नवऱ्याने विचारलं, काऊन नाही जाऊन राहिली? मी म्हटलं, ताप आहे. त्याने कपाळाला हात लावून पाहिला आणि मिलला निघून गेला. जिने आख्ख्या जिल्ह्याला थापा मारल्या, वाघाला रस्ता दाखवला, तिला एक साधं वाक्य जमेना: सर, चूक माझी होती. मी ते स्वयंपाक करताना म्हणून पाहिलं, गाडीवर म्हणून पाहिलं. प्रत्येक वेळी ते वाढत जायचं, त्यात लाईनवाला यायचा, एप्रिल यायचा, जुनी डिस्क यायची, आणि शेवटी माझा दोष इतका बारीक व्हायचा की सरांच्या त्या नळीतूनही निघून जाईल. असे अकरा दिवस.

बाराव्या दिवशी गेले. सर अंगणात उन्हात बसले होते, गळ्यापर्यंत शाल. मी बसायच्या आधीच सांगितलं. लाईनवाला सांगितला नाही, एप्रिल सांगितला नाही. स्पिन मी बंद केलं होतं, विसरले होते, चालू केल्यावर फट येते, तुमची पूड बरोबर होती, तुमचे हात बरोबर होते. एका दमात. आयुष्यात इतकं थोडं मी कधी बोलले नव्हते.

त्यांनी प्रिंट मागितली. ती त्यांनी मांडीवर ठेवली, कारण हातात धरली तर दिसत नव्हती. फटीवरून बोट फिरवलं. समोर रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला.

मला शांतता सोसत नाही. मी सांगू लागले की आता तर जास्त चांगलं आहे. ही फट खरी आहे हे कोणीच चांगल्या नमुन्यावर दाखवलेलं नाही. चुंबकीय मोजमाप करायचं, हेलियमसुद्धा तितका लागत नाही. त्या बाईंना मी फोन करते, तारीख मागते. नळ्या आहेतच ना आपल्याकडे, सात उरल्या होत्या, मागच्या खोलीत. किल्ली द्या, मी आत्ता डब्यात भरते, या खेपेला मी घेऊन जाते, बसून जाते, डबा मांडीवरून खाली ठेवत नाही.

सरांनी प्रिंटची घडी केली. नीट केली, कोपऱ्याला कोपरा लावून, त्याला वेळ लागला.

“परवाच फोडल्या,” ते म्हणाले. “स्पिरिटमध्ये टाकून. सातही.”